सासूबाईंचा टीव्ही आणि लेकीचा लॅपटॉप

आमच्या सासूबाईंच्या खोलीत एक टीव्ही आहे. एकवीस इंची, मागे भलंमोठं पोट सुटलेला, आणि उचलायचा म्हटला तर दोन दणकट माणसं लागतील असा. मामंजी १९९४ साली निवृत्त झाले तेव्हा हातात आलेल्या फंडाच्या पैशांतून त्यांनी तो हौसेनं घेतला. मामंजी गेले त्याला आता बारा वर्षं झाली. पण टीव्ही आपला चालतोच आहे. 'काढून टाकू या आता,' असं कुणी म्हटलं की सासूबाईंचं उत्तर ठरलेलं : "का? काय झालंय त्याला? माझ्यापेक्षा बरा चालतो की!"

तर ह्या म्हाताऱ्या टीव्हीला आमच्या लेकीचा नवाकोरा लॅपटॉप जोडायची वेळ माझ्यावर आली, त्याची ही हकीकत. मैत्रिणींनो, पुष्कळ घरांत असा एखादा टीव्ही अजून असेल. आजींच्या खोलीत, गावच्या घरी, नाहीतर माळ्यावर चादरीत गुंडाळलेला. तुम्हालाही कधी गरज पडेल म्हणून जे शिकले ते सगळं सांगते. आधीच सांगते, मी बारावीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. फ्यूज बदलण्यापलीकडे विजेच्या वाटेला कधी गेले नव्हते.

झालं असं, की गेल्या वैशाखात आमच्या वन्संच्या मुलीचं लग्न निघालं, नागपूरला. ही नात वयाची पहिली सहा वर्षं आमच्याकडे साताऱ्यालाच वाढली. वन्संची नोकरी बदलीची होती ना! तिला न्हाऊमाखू घातलं, 'श्री' गिरवायला शिकवलं ते सासूबाईंनी. आजीची जांभळी पैठणी नेसूनच बोहल्यावर चढायचं, असं तिनं दहावीत असतानाच जाहीर करून टाकलं होतं.

आणि लग्नाला दीड महिना असताना सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, रॉड बसला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "आजी, सातारा ते नागपूर हा प्रवास आता नाही." चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, भिंतीकडे तोंड करून निजून राहिली. रडल्या नाहीत, पण जेवणं मात्र कमी झालं.

'हे' मुलीचे मामा. मामाशिवाय मुलीला अंतरपाटाशी आणणार कोण? त्यांना जाणं भागच होतं. लेकही मावळणीच्या मुलीच्या पाठराखणीला हवीच होती. सासूबाईंपाशी राहायचं कुणी, हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि मीही उत्तर द्यायची वाट पाहिली नाही.

गुरुवारी वन्संचा फोन आला, की फोटोवाला सगळं लग्न इंटरनेटवरून थेट दाखवणार आहे. मला वाटलं, झालं, प्रश्न मिटला! पण मिटला कुठला? सासूबाईंच्या डोळ्यांच्या पडद्याला विकार आहे. मधोमध धुरकट दिसतं. मोबाईलवरची माणसं त्यांना मुंग्यांसारखी वाटतात. लॅपटॉप मांडीवर ठेवावा, तर मांडीचंच हाड मोडलेलं. आणि कानांनी कमी ऐकू येत असल्यानं लॅपटॉपचा बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यांना नीट दिसतो आणि ऐकू येतो तो एकच : पायथ्याशी उंच स्टुलावर बसलेला तो मामंजींचा टीव्ही.

नवा टीव्ही का नाही घेतला, असं तुम्ही म्हणाल. ऑपरेशनचं बिल नुकतंच भरलं होतं. शिवाय पुढे लग्नाचा आहेर. आणि सासूबाई म्हणाल्या, "माझ्यापायी आणखी खर्च केलात तर मी डोळे मिटून घेईन, मग दाखवा कुणाला दाखवायचं ते." बोलणंच खुंटलं!

पाठीमागे वाकून पाहा

लेकीनं निघताना लॅपटॉप माझ्या स्वाधीन केला आणि म्हणाली, "आई, टीव्हीच्या मागे काय काय भोकं आहेत ती आधी बघ."

ही पहिली पायरी आहे, आणि ती कुणी करत नाही. टॉर्च घेऊन मागे वाकून पाहा. जुन्या टीव्हीला साधारण तीन तऱ्हेच्या जागा असतात.

पहिली, अँटेनाची गोल जागा. अगदी जुन्या टीव्हीला एवढी एकच असते. गच्चीवरच्या अँटेनाची तार तिच्यातच जायची. मुंबईचं दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, १९८२ साली चित्र रंगीत झालं, १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' बघायला आख्खी आळी एका घरात जमायला लागली. ते सगळं त्याच एका भोकातून आत आलं. आता दूरदर्शनची जुन्या पद्धतीची बहुतेक प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत बंद झाली, त्यामुळे गच्चीवरचा अँटेना कावळ्यांना बसण्यापुरता उरला आहे.

दुसरी, पिवळी, पांढरी आणि लाल अशी तीन गोल भोकं. पिवळं चित्राचं, पांढरं डाव्या बाजूच्या आवाजाचं, लाल उजव्या बाजूच्या. एकाच स्पीकरच्या टीव्हीला पिवळं आणि पांढरं एवढंच असतं. ही भोकं कधी मागे, कधी बाजूला, तर कधी पुढच्या बाजूला छोट्या झाकणाखाली लपलेली असतात.

तिसरी, थोड्या नंतरच्या टीव्हीला असणारी, हिरवी, निळी, लाल अशी चित्राची तीन वेगळी भोकं, किंवा चार बारीक छिद्रांचं एक गोल भोक, ज्याला एस-व्हिडिओ म्हणतात. ही असली तर चित्र थोडं अधिक चांगलं येतं, पण त्यांच्यावाचून अडत नाही.

मी वाकून पाहिलं, तर पिवळ्या-पांढऱ्या-लाल भोकांत आधीच तारा खोचलेल्या! कशाच्या? केबलवाल्याच्या डबीच्या, म्हणजे सेट-टॉप बॉक्सच्या. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाहेरचं सगळं जग कधीच आकड्यांच्या पद्धतीवर गेलेलं आहे; टीव्ही तेवढा जुन्या पद्धतीचा, आणि ती डबी रोज बिनबोभाट त्याला समजेल असं करून देते आहे. मग लॅपटॉपला तशीच एखादी डबी का मिळू नये?

मधला दुभाषी

हीच ह्या विषयातली खरी गोम. लॅपटॉपच्या कडेला एचडीएमआय नावाचं एक चपटं भोक असतं. त्यातून चित्र बाहेर पडतं ते आकड्यांच्या रूपात. जुना टीव्ही समजतो ती लहरींची भाषा : विजेचा प्रवाह कमी-जास्त होतो, तसा पडद्यावरचा ठिपका मंद-प्रखर होतो. एक बोलतो आकड्यांत, दुसरा ऐकतो सुरांत. दोघांना नुसत्या तारेनं बांधलं तर संसार कसा व्हायचा? मध्ये दुभाषी हवा.

मला हे ठाऊक नव्हतं, म्हणून फसले. शुक्रवारी दुपारी एका दुकानात गेले आणि म्हटलं, लॅपटॉप जुन्या टीव्हीला जोडायचाय. दुकानदारानं एक तार काढून दिली. एका टोकाला एचडीएमआयची चपटी पिन, दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना. दिसायला अगदी हवी तशी! घरी येऊन लावली. टीव्हीवर काही म्हणता काही नाही. तासभर खटपट केली. शेवटी लेकीला फोन लावला, तर ती म्हणाली, "अगं आई, ती नुसती तार आहे. तिच्यात भाषांतर करणारं काही नाहीच. परत दे."

दुकानदार परत घेईना. "बाई, तुमचा टीव्हीच खराब असेल, नवा घ्या, हप्त्यानं देतो," म्हणाला. तार तशीच पर्समध्ये घातली आणि दुसरं दुकान गाठलं. तिथल्या पोऱ्याला नीट विचारलं, तेव्हा त्यानं काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक डबी दिली. साधारण चारशे रुपयांना पडली. हीच ती 'एचडीएमआय टू एव्ही' डबी.

घेताना एक पक्कं लक्षात ठेवा. अगदी तशीच दिसणारी उलट्या कामाची डबीही मिळते, 'एव्ही टू एचडीएमआय'. ती जुन्या यंत्राचं चित्र नव्या टीव्हीवर दाखवते. आपल्याला तिचा उपयोग नाही. डबीवर आधी 'एचडीएमआय' आणि मग 'एव्ही' असं छापलेलं आहे ना, हे वाचूनच पैसे द्या.

साहित्य

आता पदार्थाची कृती देतात तसंच सांगते.

१) एचडीएमआय टू एव्ही डबी : एक.

२) दोन्ही टोकांना चपटी पिन असलेली एचडीएमआयची तार : एक. टीव्ही ते लॅपटॉप अंतर मोजूनच घ्या. ताणून बसवलेली तार ऐनवेळी निसटते.

३) पिवळी-पांढरी-लाल पिनांची तार : एक. सेट-टॉप बॉक्सची असतेच, ती चालते.

४) डबीला वीज देणारी बारीक तार. बहुधा डबीबरोबरच येते. ती लॅपटॉपच्या यूएसबी भोकात किंवा मोबाईलच्या चार्जरला लावायची. काही डब्या हिच्यावाचूनही मिणमिणतात. पण मग चित्र मध्येच जातं. म्हणून लावावीच.

५) लॅपटॉपचा चार्जर. बॅटरीवर विसंबू नका.

अगदी सडपातळ लॅपटॉपला एचडीएमआयचं भोकच नसतं. नुसतं यूएसबी-सीचं लंबगोल भोक असतं. त्याला यूएसबी-सीपासून एचडीएमआय करून देणारा एक तुकडा मध्ये लागतो. पण अशा प्रत्येक भोकातून चित्र बाहेर येतंच असं नाही. काही नुसती चार्जिंगपुरती असतात. तेव्हा दुकानातच लॅपटॉप नेऊन लावून बघावं. लॅपटॉप जुना असला आणि त्याला निळं, पंधरा छिद्रांचं व्हीजीए भोक असलं, तर 'व्हीजीए टू एव्ही' डबी मिळते. व्हीजीएतून आवाज येत नाही, त्यामुळे इअरफोनच्या भोकातून आवाजाची वेगळी तार टीव्हीच्या पांढऱ्या-लाल भोकांत न्यावी लागते.

आणि टीव्हीला नुसतं अँटेनाचंच भोक असलं तर? तर आणखी एक टप्पा. आरएफ मॉड्युलेटर नावाची डबी मिळते. ती पिवळ्या-पांढऱ्या तारांतलं चित्र आणि आवाज एका चॅनेलवर चढवून अँटेनाच्या भोकातून आत पाठवते. टीव्हीवर ते चॅनेल शोधून ठेवायचं. घरात जुना व्हीसीआर धूळ खात पडला असेल तर तोही हे काम करतो, कॅसेट न घालता! तारा त्याच्या 'इन' लिहिलेल्या भोकांत घालायच्या आणि त्याची अँटेनाची तार टीव्हीला द्यायची.

कृती

टीव्ही आणि लॅपटॉप दोन्ही बंद असताना तारा जोडाव्यात.

टीव्हीच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल भोकांतून सेट-टॉप बॉक्सच्या तारा काढा. काढण्यापूर्वी मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा, म्हणजे परत लावताना गोंधळ होत नाही. आता टीव्हीकडून आलेल्या तारा रंगाला रंग जुळवून डबीला लावा. डबीच्या दुसऱ्या बाजूला एचडीएमआयची तार, तिचं दुसरं टोक लॅपटॉपला. मग डबीला वीज द्या. तिच्यावर छोटा दिवा लागेल.

टीव्ही सुरू करा. रिमोटवर 'एव्ही', 'व्हिडिओ' किंवा 'इनपुट' असं बटण असतं, ते दाबा. रिमोट हरवला असेल तर चॅनेल कमी करत शून्यावर जा. पुष्कळ टीव्हींवर तिथेच एव्ही असतं. पडदा निळा किंवा काळा दिसला तर जागा बरोबर सापडली म्हणायची.

आता लॅपटॉप सुरू करा. विंडोजचा असेल तर चार चौकोनांची खूण असलेलं बटण दाबून धरा आणि 'पी' दाबा. चार पर्याय दिसतील. त्यातला दुसरा, 'डुप्लिकेट', निवडा. म्हणजे लॅपटॉपवर जे दिसतं तेच टीव्हीवर दिसू लागेल.

आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर जाऊन आवाज कुठून यावा ते निवडता येतं. तिथे एचडीएमआयचं नाव निवडावं. टीव्ही एकाच स्पीकरचा असेल तर लाल पीन तशीच लोंबती राहू द्या. मात्र विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करा, नाहीतर आवाजाची उजवी बाजू ऐकूच येत नाही.

हमखास येणाऱ्या तक्रारी

शनिवारी रात्री सासूबाईंची औषधं देऊन झाली आणि मी तारा जोडल्या. टीव्हीवर चित्र आलं! पण कसं? काळंपांढरं, आणि सरसर वर सरकणारं. सासूबाई उशीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "आलं की गं! पण रंग नाहीत का? मग पैठणी कशी कळणार?"

माझा जीव थोडा थोडा झाला. बाईला सगळं लग्न नको होतं. आपल्या पैठणीचा जांभळा रंग नातीच्या अंगावर बघायचा होता.

रात्री अकराला लेकीला फोन. तिकडे मेंदी चाललेली. ती म्हणाली, "डबीच्या कडेला एक बारीक खटका असेल बघ, पाल आणि एनटीएससी लिहिलेला." चष्मा लावून पाहिलं तर होता! ही पाल भिंतीवरची नव्हे बरं का! आपल्याकडच्या रंगीत चित्राच्या पद्धतीचं ते नाव. ह्या पद्धतीत पडद्यावरचं चित्र ६२५ आडव्या रेघांचं, सेकंदाला पंचवीस वेळा बदलणारं. एनटीएससी ही अमेरिका-जपानकडची पद्धत : ५२५ रेघा आणि सेकंदाला सुमारे तीस चित्रं. डबी येते ती कधी एकीवर लावलेली, कधी दुसरीवर. स्वयंपाकघरातली काडी घेऊन तो खटका 'पाल'कडे सरकवला, आणि पडद्यावर रंग उमटले. लॅपटॉपवर लेकीनं ठेवलेलं जास्वंदीचं चित्र होतं. सासूबाई म्हणाल्या, "तांबडी आहे. दिसली मला." त्या रात्री त्यांनी दूधभात सगळा संपवला.

बाकीच्या तक्रारी आणि त्यांवरचे उपाय असे :

*अक्षरं वाचता येत नाहीत.* येणारच नाहीत! ६२५ रेघांपैकी चित्राच्या कामी येतात त्या ५७६. साध्या लॅपटॉपच्या पडद्यावर हल्ली १०८० ओळी असतात. मोठ्या चाळणीतून रवा चाळला तर बारीक-जाड एकच व्हायचं. शिवाय एकाच पिवळ्या तारेतून उजेड आणि रंग दोन्ही जातात, त्यामुळे कडा फिसकटतात. लॅपटॉपच्या 'डिस्प्ले सेटिंग्ज'मध्ये जाऊन अक्षरांचं माप १५० टक्के करा, थोडा फरक पडतो. पण हिशेब, पत्रं, बातम्या वाचणं हे ह्या टीव्हीचं काम नव्हे. माणसं, गाणं, नाटक, सिनेमा, कीर्तन ह्यांसाठी तो उत्तम.

*माणसं उंच नि किडकिडीत दिसतात.* लॅपटॉपचा पडदा लांबट, सोळास नऊ असा. जुना टीव्ही चारास तीन. डबी लांबट चित्र चेपून चौकोनात बसवते. 'डिस्प्ले सेटिंग्ज'मध्ये 'रिझोल्यूशन' असतं. तिथल्या यादीत १०२४ बाय ७६८ हा आकडा असला तर निवडून पाहा. पुष्कळदा माणसं पुन्हा अंगापिंडानं नीट होतात. चित्रच गेलं तर घाबरू नका. पंधरा सेकंद हात न लावता थांबलं, की लॅपटॉप आपोआप आधीच्या मापावर येतो. मग १२८० बाय ७२० करून पाहावं.

*कडा कापल्या जातात.* जुने टीव्ही चित्र मुद्दामच पडद्याबाहेर थोडं सांडतात. लॅपटॉपची खालची पट्टी दिसत नाही ती ह्यामुळे. दोष कुणाचाच नाही. चित्र पूर्ण पडद्याचं करून मोकळं व्हावं.

*बारीक चौकड्यांवर रंग नाचतात.* ह्यांचा चौकड्यांचा शर्ट पाहून सासूबाईंनी विचारलं, "ह्यानं हे चमचम काय घातलंय?" बारीक रेघा आणि रंगाची खूण ह्यांच्यात टीव्हीची गल्लत होते. टीव्हीवर बोलणारे बारीक रेघांचे कपडे टाळत ते उगाच नाही.

*विकतच्या सिनेमांना पडदा काळा पडतो.* काही पैसे भरून बघायच्या सिनेमांना नकलेपासून संरक्षण असतं. अशा साध्या डबीतून ते चित्र सोडत नाहीत. तिथे हट्ट करून उपयोग नाही.

हे मात्र करू नका

टीव्हीचं मागचं झाकण कधीही उघडू नका. ह्या टीव्हीतल्या काचेच्या नळीला वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब लागतो, आणि बटण बंद करून पीन काढल्यावरही ती वीज आत साठून राहते. सगळी जोडणी बाहेरून होते. आत बघण्यासारखं आपल्यासाठी काहीही नाही.

टीव्ही एकट्यानं उचलू नका. त्याचं वजन पुढच्या काचेकडे असतं. उचलला की पुढे झुकतो. लहान मुलांच्या घरात तो डळमळत्या स्टुलावर ठेवू नये. जवळ मोठे स्पीकर किंवा लोहचुंबक नको, पडद्यावर रंगाचे डाग पडतात. एकच स्थिर चित्र तासन्‌तास ठेवू नका, काचेवर त्याचा ठसा उमटतो. आणि पावसाळ्यात वीज कडाडू लागली की सगळ्या पिना काढा.

तो खरोखरच निकामी झाला, तर भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. त्याच्या काचेत शिसं असतं. इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच तो जायला हवा.

मुहूर्ताची वेळ

मुहूर्त रविवारी अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटांचा. मी दहालाच सगळं जोडून ठेवलं. आमच्याकडचं इंटरनेट भरवशाचं नाही, म्हणून मोबाईलवरून लॅपटॉपला नेट देण्याची सोय लेकीकडून आदल्या रात्रीच लिहून घेतली होती. बरं झालं, साडेअकराला घरचं नेट गेलंच.

सासूबाईंना इरकली नेसवली. उशा लावून बसतं केलं. त्यांनी वाटीत अक्षता मागितल्या. मी दिल्या, काय म्हणायचं त्यावर!

पडद्यावर मांडव दिसला. माणसं थोडी धुरकट, पण दिसत होती. ह्यांनी मुलीला हाताला धरून आणलं. सासूबाई पुढे झुकल्या. "जरा थांब," असं त्या कुणाला म्हणाल्या कोण जाणे. मग म्हणाल्या, "जांभळीच आहे. पदर उजळला नाहीये अजून. चांगली ठेवलीय पोरीनं."

मंगलाष्टकं सुरू झाली. टीव्हीचा आवाज मी पार मोठा केला होता. शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. आणि शेवटचं मंगलाष्टक चालू असतानाच माझा मोबाईल वाजला. हे सांगत होते, "लागलं गं लग्न! आईला सांग, लागलं!"

असं होतं. इंटरनेटवरून येणारं चित्र अर्धा-पाऊण मिनिट मागून येतं. तिकडे लग्न लागलं होतं, इकडे अंतरपाट अजून धरलेलाच होता. मी सासूबाईंना सांगायला वळले, तर त्यांनी हातानंच गप्प केलं. "ठेव तो फोन," म्हणाल्या, "माझं अजून लागायचंय."

अंतरपाट दूर झाला तेव्हा त्यांनी अक्षता टाकल्या. हात फार लांब पोचत नाही आता. काही चादरीवर पडल्या, काही टीव्हीच्या वर.

संध्याकाळी नातीनं व्हिडिओ फोन केला, तोही मी टीव्हीवरच दाखवला. एवढंच सांगते, की लॅपटॉपवरचा कॅमेरा लॅपटॉपपाशी असतो, टीव्हीपाशी नाही. तेव्हा लॅपटॉप टीव्हीच्या शेजारीच, त्याच उंचीवर ठेवावा. नाहीतर आजी टीव्हीकडे बघतात आणि नातीला आजींचा कान तेवढा दिसतो.

आता सासूबाई काठी घेऊन घरात फिरतात. दर गुरुवारी मी लॅपटॉप लावते आणि त्या कीर्तन ऐकतात. डबीची तार, पालीचा खटका सगळं त्यांना पाठ झालंय. परवा शेजारच्या काकूंच्या घरचा जुना टीव्ही जोडायला मीच गेले होते. जाताना सासूबाई म्हणाल्या, "पिवळ्यात पिवळी घाल हो. आणि ती उघडी तार कुठल्या दुकानातली, ते आधी सांग त्यांना."

ती नुसती तार अजून माझ्या पर्समध्ये आहे. आणि टीव्ही पुसताना मागच्या जाळीत एखादी अक्षता अजून सापडते. ती मी तशीच राहू देते.